बोरखडीच्या घाटावरची मोटर

कपाशीवर फवारणीचे दिवस आले की माझा उजवा खांदा ठणकायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. असेलही. पण हा खांदा बाकी वर्षभर गप्प असतो आणि पोळ्याच्या आगेमागे नेमका बोलायला लागतो. दारव्ह्याच्या ज्या टोकाला मी राहते, तिथं कुंपणामागंच शेतं सुरू होतात. सकाळी शेजारचा गजानन पाठीवर घ्यायचा इंजिनाचा पंप धुऱ्यावर ठेवतो आणि त्याची दोरी ओढायला लागतो. खर्रर्र. काही नाही. पुन्हा खर्रर्र. काही नाही. मग एक शिवी, मग पंपाला एक चापट. मला राहवत नाही. मी चहाची कपबशी ठेवून खिडकीशी जाते.

"गजानन, थांब थोडा. पेट्रोल जास्त गेलंय आत. चोक उघड आणि दम धर जरा."

तो हसतो. "काकू, तुमाले कसं समजते हे?"

"आवाजावरून," मी म्हणते. खिडकीतून एवढंच सांगता येतं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. पहिली नेमणूक पुसद तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, बोरखडीला. महाराष्ट्र होऊन तीन-चारच वर्षं झाली असतील. गावात वीज नव्हती. दोन खोल्यांचा दवाखाना, वर टिनाचा पत्रा, पुढच्या खोलीत एक टेबल आणि औषधांचं कपाट, मागच्या खोलीत माझा संसार. दवाखान्याच्या पायरीवर बसलं की नदी दिसायची. उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू. बाया झिरे खोदून, वाटीवाटीनं पाणी भरायच्या. हिवाळ्यात पोटरीएवढं स्वच्छ पाणी. आणि आषाढ संपता संपता तीच नदी मातीच्या रंगाची होऊन अशी रुंद व्हायची की पलीकडचा काठ कुणीतरी हातानं ढकलून लांब नेला आहे असं वाटायचं.

तो पलीकडचा काठ माझ्या हद्दीत नव्हता. तो मराठवाडा. माझं काम पाण्याच्या अलीकडे संपत होतं. पण पलीकडे काठाशीच एक बंजाऱ्यांचा तांडा होता आणि त्यांचा स्वतःचा दवाखाना टेकड्यांच्या मागं, दिवसभराच्या वाटेवर. माझा पत्रा त्यांना अंगणातून चमकताना दिसायचा. वाळू असेल तेव्हा तांड्यातल्या बाया घागऱ्याचा ओचा खोचून चालत यायच्या. पाणी आलं की नामदेवच्या डोंग्यातून.

नामदेव भोई पन्नाशीकडे झुकलेला, काटक, उन्हानं करपलेला माणूस. बोलणं फार कमी. पाण्याकडे पाहताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, जसे आपले सुईत दोरा ओवताना होतात. डोंगा कधी सरळ नेत नसे. आधी काठाकाठानं वर, मग तिरका खाली सोडायचा, आणि पाण्यानंच त्याला पलीकडच्या घाटावर आणून ठेवावं अशी गाठ घालायचा. पूर फार असला की हात जोडून म्हणायचा, "आज नाई बाई. आज तो कोनाचं आयकत नाई." नदीला तो कधी कधी 'तो' म्हणायचा. पुराला म्हणत असावा.

मी गेले त्या पहिल्याच पावसाळ्यात असा एक दिवस आला. तांड्यातली हिरकी नावाची पोर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, पहिलटकरीण, अडली. मी अलीकडे, ती पलीकडे. नामदेवनं डोंगा दोनदा घातला, दोन्ही वेळा पाण्यानं आम्हाला खाली नेऊन अलीकडच्याच बाभळींत फेकलं. पाणी उतरून मी पोचले तेव्हा हिरकी भिंतीला टेकून बसली होती आणि मूल पुरून झालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, सासूला म्हणाली, "याडी, बाईले पानी दे."

त्या दिवशी अलीकडच्या घाटावर आमचे सरपंच आबाजीही भिजत उभे होते. आबाजी म्हणजे घरचं बरं असलेला, मोठ्या आवाजाचा, पण पोटात माया असलेला माणूस. त्यांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली. हिवाळाभर कुठं कुठं फिरले आणि उन्हाळा संपताना बैलगाडीत, कडब्याच्या पेंढ्यांवर निजवून, एक मोटर घेऊन आले. डोंग्याच्या मागं लावायची मोटर. जुन्या सामानाच्या कुठल्याशा लिलावात मिळाली, कधीकाळी पलटणीत वापरलेली. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले. खाली पंखा, मध्ये लांब मान, वर डोकं, डोक्यावर लोखंडी चाक आणि त्याला लागूनच छोटीशी पेट्रोलची टाकी. चाकाला एक खाच होती. दोरीच्या टोकाची गाठ त्या खाचेत अडकवायची, दोरी चाकाभोवती गुंडाळायची आणि जीव खाऊन ओढायची. दोरी सुटून हातात यायची. सुरू झाली तर झाली. नाही तर पुन्हा गाठ, पुन्हा गुंडाळणं.

पाणी आल्यावर तिची पूजा झाली. आबाजींनी नारळ फोडला, बायांनी ओवाळलं, नामदेवनं डोंग्याच्या मागच्या फळीला ती घट्ट आवळून बसवली. पहिल्याच दिवशी ती सुरू झाली. असा आवाज त्या पाण्यावर कधी झाला नव्हता. बगळे उठले, काठावरची गुरं शेपट्या उचलून पळाली. डोंगा पहिल्यांदाच सरळ गेला, वर नाही, खाली नाही, समोरच्या घाटाला नाक लावून सरळ. नामदेव पुढच्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या हातांना काम नव्हतं. उतरल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं झालं बाई," तो म्हणाला. "आता लोकायले थांबा लागनार नाई." आणि डोंग्यातलं पाणी उपसायला लागला. तो मनापासून बोलला की नाही ते मला तेव्हाही कळलं नाही.

पंधरवडाही नीट गेला नाही, मोटर रुसली. आबाजी दोरी ओढून घामाघूम व्हायचे. मग नामदेव. मग मी. मला गरज सगळ्यात जास्त, म्हणून मीही शिकून घेतलं होतं. कधी ती एकदम उलटा झटका द्यायची आणि दोरीचा दांडा बोटांच्या पेरांवर बसायचा. कधी फट् करून धूर सोडायची, सगळ्यांचे चेहरे फुलायचे, आणि ती गप्प. माझा खांदा त्या श्रावणात कामातून गेला. रात्री कूस बदलताना हाताला दुसऱ्या हातानं उचलून ठेवावं लागे.

आम्ही काय काय नाही केलं! प्लग काढून पाहिले तर काळे, ओलसर. ते पुसले, पॉलिश कागदानं घासले. दवाखान्यात सुया उकळायच्या स्टोव्हवर एका बाजूला सुयांची डबी आणि दुसऱ्या बाजूला तव्यात प्लग तापायला ठेवले. गरम प्लग फडक्यात धरून मी घाटावर पळायची, नामदेव ते चटकन बसवायचा, आबाजी ओढायचे. कधी सुरू व्हायची, कधी नाही. सुरू झाली तरी अडखळत, ठसका लागल्यासारखी. मला तिचा राग येई आणि दयाही. माझ्याकडे यायचे ते रोगीही असेच असत, काय दुखतं ते नीट न सांगणारे. एक एक विचारत जायचं. भूक लागते का? झोप लागते का? इथं दाबलं तर दुखतं का?

हिरकी त्याच श्रावणात आली. पुन्हा दिवस गेले होते, आठवा लागला होता. पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डोकं दुखतं म्हणाली, कधी कधी डोळ्यांपुढं काजवे दिसतात म्हणाली. मी नळीत लघवी उकळून पाहिली आणि ती दह्यासारखी फाटली. मी सासूला बाहेर बोलावलं.

"हिला इथं ठेवा. माझ्या खोलीत राहील. नदीचा भरवसा नाही."

सासू अंगानं उभी, हातभर बांगड्या, कपाळावर चांदीचे घुंगरू. तिनं मोटरीकडे बोट दाखवलं. "आता तं मशीन हाय ना बाई?"

"मशीनचाही भरवसा नाही."

"घरी गायी हाय, निंदन हाय. पोळा होऊ द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिसी आनतो तिले."

मी पुष्कळ सांगितलं. मीठ सोड म्हणून समजावलं, गोळ्या दिल्या, निजून राहा म्हटलं. शेवटी हिरकीशी एक खूण ठरवली. जास्त झालं तर तुझा लाल घागरा बांबूला लावून तुमच्या घाटावर उभा करा. मला पायरीवरून दिसेल.

पोळ्याच्या आधी आबाजींनी पुसदहून मिस्त्री आणला. तो सरकी काढायच्या कारखान्यातली इंजिनं दुरुस्त करायचा. असली मोटर त्यानं पाहिली नव्हती. त्यानं ती खोलली, पुसली, पुन्हा जोडली, ओढून ओढून दमला. शेवटी टाकीतलं पेट्रोल पितळी वाटीत काढून उन्हात धरलं आणि म्हणाला, "इसमें पानी है साहब."

"पाणी कुठून आलं?" आबाजींनी विचारलं.

"गिरा होगा, या किसी ने डाला होगा. वो आप जानो."

मिस्त्री संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याच्या वाक्यातला अर्धाच भाग गावात राहिला.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली होती. मी औषधांची पेटी घेऊन तिथूनच जात होते. आबाजींनी नामदेवला समोर उभं केलं होतं.

"मोटर आली म्हून तुह्या डोंग्याचं मोल गेलं, हे मले समजते नामदेव. पन असं काहून केलं बाप्पा?"

"काय केलं मी?"

"पेट्रोलात पानी कोनं टाकलं?"

नामदेवनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आवाज चढवला नाही. "मी पान्यात राह्यतो, म्हून पानी मीच टाकलं व्हय?"

कुणी काही बोललं नाही. तो ओट्यावरून उतरला, सरळ घाटावर गेला, वल्ही खांद्यावर घेतली आणि घरी चालता झाला. डोंगा मोटरीसकट तिथंच बांधलेला राहिला.

माणसाबद्दल एकदा असं काही बोललं गेलं की ते ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना खोटं वाटतं. पण ते त्या वेळी गप्प बसलेले असतात, आणि नामदेवला ते गप्प बसणंच ऐकू आलं. मी पेटी खाली ठेवून म्हटलं, "आबाजी, पाणी आलं कुठून ते आधी पाहू तरी." ते म्हणाले, "पाहा बाई. मले काई हौस हाय का त्याचं नाव घ्याची?"

मी पाहिलं. दवाखान्यातली औषधाची रिकामी काचेची बाटली घेतली, पंचायतीच्या ओसरीत पेट्रोलचा पत्र्याचा डबा होता त्यातलं पेट्रोल तिच्यात ओतलं आणि खिडकीत ठेवलं. थोड्या वेळानं बाटलीच्या तळाशी पाण्याची वेगळी पट्टी दिसायला लागली, वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी. म्हणजे पाणी टाकीत नव्हे, डब्यातच होतं. मग मी डबा पाहायला गेले. ओसरीचं कौल फुटलेलं, बरोबर त्याखाली डबा. डब्याच्या वरच्या पत्र्याला कड होती, त्या कडेत पावसाचं पाणी तळ्यासारखं साचलेलं. बुचाचं रबर कुजून गेलेलं. पाणी बुचाशेजारून थेंबाथेंबानं आत चाललं होतं. मी पाहत होते तेव्हाही चाललं होतं.

मी आबाजींना जवळजवळ हात धरूनच तिथं आणलं. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ वाकून राहिले.

"असंन," ते म्हणाले.

"मग नामदेवला बोलवा."

"बोलावतो. पन बाई, आता गावाच्या मनात आलंच हाय. उद्या पुन्हा काई झालं तं पुन्हा त्याचंच नाव येईन. त्याच्यापेक्षा मी असं करतो की कोनाचा हातच लागनार नाई."

त्यांनी डबा स्वतःच्या घरी नेला. चांगलं पेट्रोल आणवलं, फडक्यातून गाळलं. टाकी काठोकाठ भरली, झाकण आवळलं, झाकणावरचा छोटा स्क्रूही पिळून घट्ट केला, वरून धोतराच्या फडक्याची पट्टी गुंडाळली आणि पार्सलाला लावतात ती लाख वितळवून तिच्यावर ओतली. लाखेवर आपली अंगठी दाबली. काठावर मोटर सुरू करून पाहिली. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू झाली, छान आवाज आला. लगेच बंद केली. "पाह्यलं?" ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मलाही बरं वाटलं.

नामदेवला बोलावलं नाही. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो दारात बसून जाळं दुरुस्त करत होता.

"डब्यात पाणी गळत होतं, नामदेव. आबाजींनी डोळ्यांनी पाहिलं."

"मंग आता लाख कायले लावली?"

त्याच्या बायकोनं आतून गूळ-पाणी आणलं. नामदेव जाळ्याच्या गाठी मारत राहिला. "बाई, तुमच्यावर राग नाई माहा," तो म्हणाला. "पन मी त्या डोंग्यात नाई बसत."

पोळा झाला. त्या रात्रीपासून वर कुठंतरी मोठा पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी, हिरकीला आणायच्या दिवशी, नदी भरून आली. सकाळी पाणी घाटाच्या वरच्या पायरीला होतं. दुपारी थोडं उतरायला लागलं. मी पायरीवरून उठतच नव्हते. जेवायलाही आत गेले नाही. आणि मग पलीकडे, राखाडी आभाळाखाली, चिखलाच्या काठावर लाल रंग दिसला. वाऱ्यावर फडफडत होता.

मी पेटी उचलली आणि घाटाकडे धावले. आबाजींकडे माणूस पाठवला, ते शेतावर होते. डोंग्याशी पोचले तर नामदेव आधीच गुडघाभर पाण्यात उभा राहून दावं सोडत होता. वल्ही डोंग्यात टाकलेली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"मले दिसते ना," तो म्हणाला. "बसा."

प्लग मी सकाळीच तापवून, कोरडे राहावेत म्हणून कनवटीला बांधून ठेवले होते. ते त्यानं बसवले. गाठ खाचेत, दोरी चाकावर. त्यानं ओढली. काही नाही. मी चोक धरला, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा तिनं आवाज धरला. आम्ही निघालो. पाण्यातून ओंडके येत होते, एक मेलेलं वासरू गेलं, कुणाच्या तरी कुंपणाच्या काट्या गेल्या. अर्ध्याहून थोडं पुढं गेलो आणि मोटरीचा आवाज पातळ झाला. ती धापली. आणि थांबली.

डोंगा तिथल्या तिथं फिरला. मी दोरी गुंडाळू लागले तर नामदेव ओरडला, "सोडा ते! खाली बसा!" आणि त्यानं वल्ही हातात घेतली. त्यानंतर काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी डोंग्याच्या तळाशी पेटी पोटाशी धरून बसले होते. त्याच्या पाठीचे स्नायू वर-खाली होताना दिसत होते आणि त्याच्या तोंडातून दर ओढीला 'हं, हं' असा आवाज येत होता. आम्ही तांड्याच्या बरेच खाली, पण पलीकडच्याच काठाला लागलो. डोंगा काठाकाठानं, झाडांच्या मुळ्या धरून धरून वर ओढत आणला. तांड्यातली माणसं पाण्यात उतरून मदतीला आली.

हिरकीला झटके येत होते. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. मी दातांत फडकं दिलं, झटक्यांसाठी पुसदच्या डॉक्टरांनी ठेवायला दिलेलं इंजेक्शन टोचलं, कुशीवर वळवलं. पोटावर लाकडी नळी ठेवून कान लावला. बाहेर नदीचा घोष, आत माझ्याच छातीचे ठोके. मूल जिवंत होतं की नाही ते मला कळलं नाही. तिला पुसदला न्यायला हवं होतं, लगेच, दुसरा मार्ग नव्हता. तिच्या नवऱ्यानं आणि दिरांनी ती निजली होती ती खाटच उचलून घाटावर आणली आणि हिरकीला गोधडीत गुंडाळून डोंग्यात ठेवलं.

मी नामदेवला विचारलं, "वल्ह्यांनी जमेल?"

त्यानं पाण्याकडे पाहिलं. "जमंन. पन आपन पार खाली लागू. तिथं गाडीवाट नाई. हिले घेऊन चिखलात कुठं जासान?" मग मोटरीकडे न पाहता म्हणाला, "मोटरच पाह्यजे बाई."

आम्ही पुन्हा मोटरीला एक एक विचारायला लागलो. प्लग काढला, कोरडा. तो लोखंडाला टेकवून हिरकीच्या नवऱ्याला दोरी ओढायला सांगितली. माझ्या हाताला असा झटका बसला की मी मागं पडले. म्हणजे ठिणगी होती. मग पेट्रोल? सुरू होते, थोडं चालते आणि धाप लागून थांबते. पेट्रोल पोचत नसणार. पण टाकी तर भरलेली.

"झाकण उघडून पाहा नामदेव."

त्याचा हात पुढं गेला आणि लाखेच्या वर थांबला. त्यानं तो मागं घेतला. डोंग्यात हिरकी कण्हत होती, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि हा माणूस, जो आत्ताच आम्हाला पुरातून ओढून घेऊन आला होता, त्या लाखेला हात लावत नव्हता.

"मी नाई तोडत," तो म्हणाला. "हे तुटलं तं पुन्हा माह्या नावानं."

मी पेटीतली कात्री काढली आणि लाखेवर घाव घातला. लाखेचे तुकडे उडाले. फडकं कापलं, झाकण सैल केलं, आणि सूं करून आवाज झाला. टाकीनं हवा आत ओढून घेतली, लांबच लांब, घुसमटलेल्या माणसानं तोंडावरची उशी दूर झाल्यावर घ्यावा तसा श्वास. झाकणावरचा तो छोटा स्क्रू हवेसाठी होता. पेट्रोल खाली जायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. आबाजींनी तो पिळला होता, वर फडकं, वर लाख. कुणाचा हात लागू नये म्हणून टाकीचं नाक-तोंड बांधलं होतं. म्हणून काठावर ती छान चालली आणि नदीच्या मध्यात मेली.

नामदेवलाही समजलं. स्क्रू बोटांनी सैल केला, दोरी गुंडाळली, ओढली. मोटर सुरू झाली आणि मध्ये कुठंही थांबली नाही.

अलीकडच्या घाटावर आबाजी उभे होते. कुणाची तरी जीप मागून आणून त्यांनी ती थेट चिखलात उतरवून ठेवली होती. हिरकीला जीपमध्ये घेताना त्यांची नजर टाकीवर गेली. तुटलेली लाख, कापलेलं फडकं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हवा जात नव्हती आत. मध्येच बंद पडली." पुसदपर्यंत जीप त्यांनीच चालवली. मी मागं हिरकीची नाडी धरून बसले होते.

पुसदच्या दवाखान्यात मूल मेलेलंच जन्माला आलं. हिरकी वाचली. कितीतरी दिवस तिला नीट दिसत नव्हतं, मग हळूहळू दिसायला लागलं.

आबाजी दुसऱ्या दिवशी नामदेवच्या दारात गेले. मी नेमकी त्याच्या बायकोला औषध द्यायला गेले होते. आबाजी बाजेवर बसले नाहीत, खाली मातीत बसले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज अगदी खाली आला होता. शेवटी म्हणाले, "नामदेव, थोडं पानी देशीन?"

नामदेवनं स्वतः उठून गडव्यात पाणी दिलं. आबाजी प्यायले. नामदेव म्हणाला, "मोटर चांगली हाय आबाजी. तिले दोष देऊ नका." तेवढंच. क्षमा मागितली गेली की नाही, दिली गेली की नाही, मला अजून सांगता येत नाही.

दसऱ्यानंतर नामदेव बायकोला घेऊन बोरखडी सोडून गेला. नदीकाठीच खाली कुठंतरी त्याचे मेहुणे होते, त्यांच्या गावी. आबाजी गाडीमागं नाक्यापर्यंत चालत गेले होते म्हणतात. जाताना नामदेवनं डोंगा गावाला ठेवून दिला. पुढच्या पावसाळ्यात मोटर पहिल्याच ओढीला सुरू व्हायची. पण पाण्यात कुठं खडक आहे, कुठं भोवरा, कोणत्या पुराला हात जोडावे, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही नुसती सुरू झालेली मोटर ऐकत काठावर उभे राहायचो.

हिवाळ्यात पाणी पोटरीवर आल्यावर हिरकी चालत आली होती. पायरीवर बसली. तिनं विचारलं, "बाई, मशीन मधात बंद नसतं पडलं तं?"

मी खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही, हिरकी. मी कान लावला तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही."

तिनं मान हलवली. मग तिनं नामदेव कुठल्या गावी गेला ते विचारलं. मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, पाठ करावं तसं.

पुढं दोनेक वर्षांनी हिरकीला मुलगी झाली. माझ्याच खोलीत, माझ्याच हातात. बारीकशी, पण जन्मताच इतकी ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. सासूनं तिला पदरात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. पण मला त्या बाळंतपणापेक्षा हिरकी आली तो दिवस जास्त आठवतो. वैशाखाची सकाळ होती. नदी म्हणजे नुसती वाळू, झिऱ्यांवर बाया वाटीनं पाणी भरत होत्या. वाळूतून दोघी येताना दिसल्या. पुढं हिरकी, पोट जेमतेम दिसत होतं. मागं सासू, डोक्यावर मोठं गाठोडं, काखेत पातेली, पाठीमागं दोरीनं बांधलेली शेळी. गायी आणि निंदण सांगणारी तीच सासू. दोघी घाट चढून आल्या, शेळी पायरीशी बांधली, गाठोडं माझ्या खोलीत नेऊन ठेवलं.

मी म्हटलं, "अगं, अजून पावसाचा पत्ता नाही. इतक्या लवकर काय आलीस?"

हिरकीनं पदरानं तोंड पुसलं, पायरीवर ऐसपैस बसली आणि वाळूच्या त्या कोरड्या पात्राकडे पाहत म्हणाली, "मी आली बाई. आता येऊ द्या नदीले."